खोडदच्या तीस अँटेना आणि 'काय चालले आहे?' हा प्रश्न

पुणे-नाशिक महामार्गावर नारायणगाव आले की पूर्वेकडे वळणारा रस्ता खोडदच्या शिवारात घेऊन जातो. द्राक्षबागा आणि उसाच्या फडांवरून तारांच्या बारीक जाळीच्या प्रचंड वाट्या आकाशाकडे तोंड करून उभ्या असलेल्या दिसू लागतात. ही जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, म्हणजेच 'जीएमआरटी'. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांपैकी १४ खोडदजवळ सुमारे एक चौरस किलोमीटरच्या परिसरात आहेत. उरलेल्या १६ इंग्रजी 'वाय' अक्षरासारख्या तीन भुजांवर दूरवर विखुरलेल्या आहेत. एकंदर पसारा सुमारे २५ किलोमीटरचा. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून साकारलेली आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या पुण्यातील राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राने उभारलेली ही दुर्बीण २००१ मध्ये जगभरच्या शास्त्रज्ञांना अर्पण करण्यात आली.

या दुर्बिणीने टिपलेल्या दीर्घिका आणि स्पंदकांविषयी मराठीत बरेच लिहिले गेले आहे. तिच्या नियंत्रण कक्षात अहोरात्र विचारल्या जाणाऱ्या एका साध्या प्रश्नाकडे मात्र फारसे कुणाचे लक्ष जात नाही. तीस अँटेनांनी मिळून एकच दुर्बीण बनायचे असेल, तर त्यातील प्रत्येक अँटेना या क्षणी कोणत्या दिशेला पाहत आहे, तिच्या मोटारी ठीक चालल्या आहेत ना, संदेशग्राहकाचे तापमान काय, वारा किती, हे केंद्राला सतत कळत राहिले पाहिजे. म्हणजे कोणीतरी कोणाला तरी सारखे 'काय चालले आहे?' असे विचारत राहिले पाहिजे. हे विचारायचे किती वेळा, हा तो प्रश्न होय. वरवर क्षुल्लक वाटणाऱ्या या प्रश्नाने खोडदच्या अभियंत्यांइतकेच हिंजवडी आणि खराडीच्या संगणक कंपन्यांतील तरुणांनाही छळले आहे.

संगणकाच्या परिभाषेत या वारंवार विचारण्याला 'पोलिंग' म्हणतात. मराठी वाचकाला पोलिंग म्हटले की मतदान केंद्र आठवते, आणि ते अगदीच चूक नाही. येथेही प्रत्येकाकडे जाऊन त्याचे मत घ्यायचे असते. फरक इतकाच, की हे मतदान दर पाच वर्षांनी न होता दर पाच सेकंदांनी होते.

खोडदच्या बाबतीत हे गणित मांडून पाहण्यासारखे आहे. एका अँटेनावर शंभर निरनिराळी मोजमापे आहेत असे केवळ हिशेबापुरते धरू. तीस अँटेनांची मिळून तीन हजार झाली. प्रत्येक मोजमाप दर सेकंदाला एकदा विचारायचे ठरवले, तर दिवसाला सुमारे २६ कोटी प्रश्न होतात. यातील बहुसंख्य प्रश्नांचे उत्तर 'मघाशी होते तेच' असे असणार, हे विचारण्यापूर्वीच ठाऊक असते. वीजपुरवठ्याचा दाब सेकंदासेकंदाला बदलत नाही. दरवाजा बंद असेल तर तो तासन्‌तास बंदच असतो.

याउलट काही गोष्टींना एका सेकंदाचाही उशीर चालत नाही. पृथ्वीच्या परिवलनामुळे आकाश तासाला १५ अंश सरकते, म्हणजे चार सेकंदांत एक कला. एका अंशाच्या साठाव्या भागाला खगोलशास्त्रात कला म्हणतात. १४०० मेगाहर्ट्झच्या आसपास जीएमआरटीच्या एका अँटेनाचे दृष्टिक्षेत्र सुमारे २४ कलांचे असते. एखाद्या ताऱ्याचा संथपणे मागोवा घेणाऱ्या अँटेनाची दिशा चार सेकंदांनी एकदा विचारली, तर तेवढ्या अवधीत ती या क्षेत्राचा चोविसावा भाग सरकलेली असेल. पण तीच अँटेना एका लक्ष्याकडून दुसऱ्याकडे वेगाने वळत असेल, तर तिचा आडवा वेग मिनिटाला ३० अंश इतका असतो. चार सेकंदांत ती दोन अंश, म्हणजे १२० कला पुढे गेलेली असते आणि पडद्यावरचा आकडा तोवर निव्वळ इतिहास झालेला असतो. यंत्र एक, मोजमापही एकच. परंतु त्याला किती वेळा विचारावे याचे उत्तर ते या घडीला काय करीत आहे यावर अवलंबून राहते.

वाऱ्याची गोष्ट अधिक गंभीर आहे. या अँटेना ताशी १३३ किलोमीटर वेगाच्या वाऱ्यात तगून राहतील अशा बेताने बांधल्या आहेत. पण त्यासाठी तोंड वर आकाशाकडे करून त्यांना स्थिर करावे लागते. अँटेना क्षितिजाच्या दिशेने खाली सुमारे १७ अंशांपर्यंत झुकू शकते आणि उभ्या दिशेत तिचा वेग मिनिटाला २० अंश असतो. सर्वांत खालच्या स्थितीतून सरळ वर येण्यास तिला साडेतीन मिनिटांहून अधिक वेळ लागतो. वळवाच्या पावसाआधी जुन्नरच्या डोंगरांवरून उतरणारा वारा तेवढी सवड देईलच असे नाही. म्हणून वाऱ्याचे मोजमाप जुने असणे येथे परवडत नाही. तापमान मिनिटाने कळले तरी चालते, वारा मात्र कळायला मिनिट लागले तर सुरक्षिततेसाठी हाती असलेल्या वेळेचा चौथा हिस्सा संपलेला असतो.

आता खोडदहून काही वेळ पुण्यातील एखाद्या सॉफ्टवेअर कंपनीत जाऊ. तेथे अँटेना नसतात; त्यांच्या जागी असतात बँकेचे, रेल्वे आरक्षणाचे किंवा किराणा घरपोच देणाऱ्या दुकानाचे प्रोग्रॅम. त्यांत दिवसातून अनेकदा सुधारणा होतात आणि नवी आवृत्ती ग्राहकांपर्यंत चालू केली जाते. या चालू करण्याला 'डिप्लॉयमेंट' म्हणतात. कोणती आवृत्ती कुठे पोहोचली, कोणती चाचणी अनुत्तीर्ण झाली, हे दाखवणारा एक मोठा पडदा कार्यालयाच्या भिंतीवर लावलेला असतो. हिरवे म्हणजे ठीक, लाल म्हणजे बिघाड. हा डॅशबोर्ड आपली माहिती बहुधा 'गिटहब'सारख्या बाहेरच्या सेवेकडून मिळवतो. त्यासाठी त्या सेवेने ठेवलेली खिडकी म्हणजे 'एपीआय'. एका प्रोग्रॅमने दुसऱ्याला ठरलेल्या रीतीने प्रश्न विचारावा आणि ठरलेल्या रीतीने उत्तर घ्यावे, एवढाच तिचा अर्थ.

या खिडकीवर मर्यादा असते. गिटहबच्या एपीआयला ओळख न देता विचारले तर तासाला ६० प्रश्न, आणि सामान्य खातेदाराने ओळखपत्र दाखवून विचारले तर तासाला ५,०००. पाच हजार हा आकडा पहिल्यांदा ऐकणाऱ्याला अफाट वाटतो. पण एका कंपनीचे ४० प्रकल्प आहेत, प्रत्येकाविषयी तीन प्रश्न विचारायचे आहेत आणि डॅशबोर्ड दर दहा सेकंदांनी ताजा होतो असे धरा. मिनिटाला ७२० प्रश्न झाले. तासाभराचा शिधा सात मिनिटांच्या आत संपतो आणि उरलेली ५३ मिनिटे खिडकी बंद असते.

खरी गफलत यापुढे घडते. खिडकी बंद झाल्यावर ढिसाळपणे लिहिलेला डॅशबोर्ड मुकाट्याने आपले शेवटचे चित्र दाखवत राहतो. ते हिरवे होते, म्हणून ते हिरवेच राहते. त्याच सुमारास नव्या आवृत्तीत बिघाड झालेला असतो आणि ग्राहकांचे व्यवहार अडकलेले असतात. पण भिंतीकडे पाहणाऱ्या प्रत्येकाला सर्व काही सुरळीत असल्याचा निर्वाळा मिळत राहतो. काहीच न दाखवणारा पडदा यापेक्षा बरा, कारण निदान त्याच्यावर कोणी विसंबत नाही.

कुकडी प्रकल्पाच्या लाभक्षेत्रातील शेतकऱ्याला ही मर्यादा समजावून सांगण्याची गरज पडणार नाही. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे या पाच धरणांचे पाणी कालव्यात आवर्तनाने सुटते. आवर्तनात मिळालेल्या पाण्यावरच पुढच्या आवर्तनापर्यंत निभावायचे असते. वरच्या अंगाच्या शेतांनी मनसोक्त पाणी घेतले की शेपटाकडच्या, म्हणजे 'टेल'च्या शेतात चिखलही होत नाही, हे भांडण दरवर्षीचे आहे. एपीआयचे पाच हजार प्रश्नही असेच एका खात्याच्या नावे मिळतात. त्याच खात्याच्या ओळखपत्रावर डॅशबोर्ड चालतो, रात्रीचा अहवाल बनवणारा प्रोग्रॅम चालतो, आणि सहा महिन्यांपूर्वी कोणीतरी प्रयोगापुरता लिहून विसरलेला आणखी एखादाही चालत असतो. पाणी कुठे मुरते हे शोधायचे, तर कालव्याप्रमाणे प्रत्येक फाट्यावर मोजणी हवी. प्रत्येक प्रोग्रॅमला स्वतंत्र ओळखपत्र दिले की कोण किती उपसतो ते उघड होते, हा या रोगावरचा पहिला आणि बहुतेक ठिकाणी टाळला जाणारा उपाय आहे.

उपसा कमी कसा करायचा, याचे उत्तर पूर्वी बहुतेकजण 'कमी वेळा विचारा' असे देत. ते अर्धेच खरे आहे. दर दहा सेकंदांनी विचारणाऱ्या डॅशबोर्डला बदल कळण्यास सरासरी पाच सेकंद लागतात. दर पाच सेकंदांनी विचारले तर अडीच. प्रश्न दुप्पट झाले आणि लाभ अडीच सेकंदांचा झाला, तोही अशा कामात की ज्याला मुळात आठ-दहा मिनिटे लागतात. 'दर सेकंदाला ताजी माहिती' ही जाहिरात विकणाऱ्याच्या सोयीची असते. त्याऐवजी जे प्रकल्प या क्षणी डिप्लॉय होत आहेत त्यांनाच जलद विचारावे, आणि जे आठवडाभर कोणी हातही लावलेला नाही त्यांना पाच-दहा मिनिटांनी एकदा, हा शहाणपणा खोडदच्या वळत्या आणि स्थिर अँटेनांच्या हिशेबासारखाच आहे. वरच्या उदाहरणात चाळीसपैकी दोनच प्रकल्प धावते असतील आणि बाकीच्यांना पाच मिनिटांनी विचारले, तर तासाचे ४३,२०० प्रश्न साडेतीन हजारांच्या आसपास उतरतात आणि शिधा पुरून उरतो.

दुसरा उपाय वेबच्या जुन्या नियमांतच दडलेला आहे. प्रत्येक उत्तरासोबत सर्व्हर त्या माहितीची एक खूण पाठवू शकतो. तिला 'ई-टॅग' म्हणतात. पुढच्या वेळी विचारताना तीच खूण परत दाखवायची आणि 'याहून वेगळे काही असेल तरच सांगा' असे म्हणायचे. बदल झाला नसेल, तर सर्व्हर ३०४ हा क्रमांक पाठवून मोकळा होतो. मजकूर पुन्हा येत नाही. ही सोय १९९७ पासून वेबच्या नियमावलीत आहे. गिटहबकडे ओळखपत्रासह अशी सशर्त विचारणा केली आणि ३०४ चे उत्तर आले, तर तो प्रश्न तासाच्या मुख्य मर्यादेत धरलाच जात नाही. एवढी स्वस्त सवलत असताना ती न वापरणारे डॅशबोर्ड आजही दिसतात.

पंचवीस जणांनी आपापल्या संगणकावर तोच डॅशबोर्ड उघडला आणि प्रत्येकाचा ब्राउझर स्वतंत्रपणे एपीआयकडे धावला, तर वरचे सगळे गणित पंचवीसपट बिघडते. म्हणून विचारणारा एकच असावा आणि त्याने आणलेली माहिती सर्वांनी वाचावी. नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचा भाव काय निघाला हे कळण्यासाठी गावातल्या दोनशे जणांनी एकाच आडत्याला फोन करण्यापेक्षा, एकाने विचारून पारावरच्या फळ्यावर लिहिणे हे जसे शहाणपणाचे, तसेच हे. मात्र त्या फळ्यावर भावाबरोबर वेळही लिहिली पाहिजे. सकाळी सातचा भाव दुपारी बारा वाजता वाचून कोणी माल भरला, तर दोष फळ्याचा असतो.

मर्यादा ओलांडली गेल्यावर काय करावे, याचेही नियम आहेत. वेबच्या परिभाषेत 'फार प्रश्न झाले' हे सांगणारा क्रमांक ४२९ असा आहे. तो २०१२ मध्ये नियमावलीत आला. किती वेळाने पुन्हा यावे, हेही सर्व्हर बरोबर सांगू शकतो. उतावळा प्रोग्रॅम हे न वाचता लगेच पुन्हा दार ठोठावतो आणि स्वतःची शिक्षा लांबवून घेतो. समंजस प्रोग्रॅम पहिल्यांदा एक सेकंद थांबतो, मग दोन, चार, आठ, असा थांबण्याचा काळ दुप्पट करीत जातो. पण शंभर प्रोग्रॅम एकाच क्षणी अडले आणि सगळ्यांनी हाच पाढा म्हटला, तर ते शंभरही पुन्हा एकाच क्षणी दारात उभे राहतात. ग्रामीण महाराष्ट्रात हे दृश्य परिचयाचे आहे. भारनियमन संपून वीज आली की ऑटो स्टार्टर लावलेले सगळे कृषिपंप एकदम सुरू होतात आणि डीपी जळते. त्यापायी पुढचे चार दिवस कोणालाच पाणी नसते. पंपांनी थोड्या थोड्या अंतराने सुरू व्हावे हा तेथील उपाय येथेही चालतो. प्रत्येक प्रोग्रॅमने आपल्या थांबण्याच्या काळात नशिबाने निघेल तेवढी लहानशी भर घालावी, म्हणजे गर्दी आपोआप पांगते.

यापलीकडचा विचार असा, की मुळात विचारावेच कशाला? बदल झाला की ज्याच्याकडे तो झाला त्यानेच कळवावे. खोडदच्या मूळ रचनेतही केंद्राने प्रत्येक यंत्राला थेट गाठावे असे नव्हते. प्रत्येक अँटेनाच्या पायथ्याशी एक संगणक होता; तो आपल्या अँटेनावरील लहान नियंत्रकांकडून माहिती गोळा करून ऑप्टिकल फायबरवरून केंद्राला देत असे. गेल्या दशकात दुर्बिणीचे आधुनिकीकरण झाले. एका वेळी ऐकता येणारा वारंवारतेचा पट्टा ३२ वरून ४०० मेगाहर्ट्झवर गेला आणि देखरेखीची व्यवस्थाही नव्याने आखण्याची वेळ आली. त्यासाठी निवडलेल्या चौकटीचे नाव 'टँगो'. फ्रान्समधील ग्रेनोबल येथील युरोपीय सिंक्रोट्रॉन केंद्रात, म्हणजे इलेक्ट्रॉनांना वर्तुळाकार पळवून प्रखर क्ष-किरण निर्माण करणाऱ्या यंत्राच्या सोयीसाठी, ही चौकट जन्माला आली. दुर्बिणीशी तिचा मूळचा काही संबंध नाही; पण शेकडो लहान यंत्रांवर एकाच वेळी नजर ठेवण्याची अडचण दोन्हीकडे सारखीच होती.

टँगोत यंत्राला विचारण्याचे काम त्या यंत्राच्या निकट बसलेला प्रोग्रॅम करतो. तो आपल्या ठरलेल्या गतीने मोजमाप घेतो, जवळ साठवतो आणि दूरच्या दहा जणांनी विचारले तरी यंत्राला पुन्हा त्रास न देता साठवलेलेच उत्तर देतो. ज्यांना सतत माहिती हवी, त्यांनी त्याच्याकडे नाव नोंदवायचे. मग मोजमाप ठरलेल्या फरकापेक्षा अधिक बदलले की तो स्वतःहून कळवतो.

हा 'ठरलेला फरक' ठरवणे हेच खरे कौशल्य होय. तो फार बारीक ठेवला, तर मोजमापातील किरकोळ थरथरही बातमी बनते आणि जे टाळायचे तोच पूर आत शिरतो. फार मोठा ठेवला, तर महत्त्वाचे निसटते. त्यातही एक बारकावा आहे. नवे मोजमाप कशाशी ताडून पाहायचे? समजा एखाद्या पेटीचे तापमान मिनिटाला एका अंशाच्या दहाव्या भागाने चढत आहे आणि अर्ध्या अंशाचा बदल झाला तरच कळवायचे असे ठरले आहे. प्रत्येक मोजमाप आधीच्या मोजमापाशी ताडले, तर फरक कायम एक दशांशच दिसेल. पन्नास मिनिटांत पाच अंश चढूनही केंद्राला पत्ता लागणार नाही. म्हणून तुलना शेवटी जे कळवले होते त्याच्याशी करावी लागते. मग दर पाच मिनिटांनी एक निरोप येतो आणि चढ लपत नाही. स्वतःची चौकट घरी बनवू पाहणारे अनेकजण नेमके येथेच ठेचकाळतात.

खोडदला विचारण्याची किंमत आणखी एका नाण्यात मोजावी लागते, आणि ते नाणे इतर डॅशबोर्डवाल्यांच्या गावीही नसते. जीएमआरटी सुमारे १२० ते १४५० मेगाहर्ट्झ या पट्ट्यातील अतिशय क्षीण रेडिओ लहरी ऐकते. ठिणगी उडवणारे कोणतेही विद्युत उपकरण आणि घड्याळाच्या ठोक्यावर चालणारे कोणतेही डिजिटल मंडळ याच पट्ट्यात कमी-अधिक गोंगाट करते. प्रस्तावित पुणे-नाशिक रेल्वेमार्ग दुर्बिणीच्या परिसरातून नेण्यास आक्षेप घेतला गेला तो याच कारणाने. त्यावरून जुन्नर आणि आंबेगावात किती असंतोष उमटला हे वाचकांना ठाऊक आहेच. मात्र जी काळजी रेल्वेच्या बाबतीत, तीच स्वतःच्या घरातही घ्यावी लागते. अँटेनाची प्रकृती विचारणारे मंडळ अँटेनाच्या अंगावरच बसलेले असते. ते धातूच्या पेटीत बंदिस्त करावे लागते, त्याच्या तारांना गाळण्या लावाव्या लागतात, नाहीतर दुर्बीण आकाशाऐवजी स्वतःच्याच चौकशीचा आवाज ऐकत बसेल.

तेव्हा पोलिंग मोडीत काढून सगळे 'कळवण्या'वर सोपवावे, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो का धोक्याचा आहे, हे याच मुलखातील एका दुर्दैवी सकाळने दाखवून दिले. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर डोंगर कोसळला आणि दीडशेच्या वर माणसे गाडली गेली. बाहेरच्या जगाला हे गावाकडून कळले नाही. कळवणारे घरांसह मातीखाली गेले होते. नेहमीच्या फेरीवर त्या वाटेने गेलेल्या एस.टी.च्या चालकाला गाव जागेवर दिसले नाही, तेव्हा बातमी बाहेर आली. ज्याने कळवायचे तोच नष्ट झाला, तर निरोप येत नाही. आणि निरोप न येणे हे बाहेरून पाहणाऱ्याला 'सर्व ठीक' असल्यासारखेच दिसते. ठरलेल्या वेळी ठरलेल्या वाटेने जाणारी एस.टी. ही माहितीशास्त्राच्या भाषेत पोलिंगच होती.

म्हणून टँगोसारख्या चौकटीत नाव नोंदवणाऱ्यांना बातमी नसली तरी दर दहा सेकंदांनी एक रिकामा निरोप जातो. त्याला हृदयाचा ठोका म्हणतात. त्यात माहिती काहीच नसते, फक्त 'मी आहे' एवढेच असते. ठोके चुकले की केंद्राला समजते, की आलेली शांतता ही अँटेनाची नसून तारेची किंवा संगणकाची आहे. डॅशबोर्डच्या जगातही बदल झाला की सेवेने स्वतः कळवण्याची सोय आहे. तिला 'वेबहुक' म्हणतात. परंतु असा निरोप वाटेत हरवू शकतो, आणि आपला सर्व्हर नेमका त्या क्षणी बंद असेल तर घेणाराच नसतो. जाणते अभियंते म्हणून दोन्ही ठेवतात. तातडीच्या बातम्या वेबहुकने येतात आणि दर दहा-पंधरा मिनिटांनी एक सावकाश फेरी मारून काही राहून गेले नाही ना, हे पाहिले जाते. अशा फेरीला तासाच्या पाच हजारांतील शे-पाचशे प्रश्न पुरतात.

उरलेल्या शिध्यावर लक्ष ठेवणे हा या कामातील सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. गिटहब प्रत्येक उत्तराच्या शीर्षभागात तीन आकडे पाठवते: एकूण मर्यादा, शिल्लक, आणि मर्यादा पुन्हा भरण्याची वेळ. माहिती फुकट येते आणि बहुतेक प्रोग्रॅम ती न वाचताच टाकून देतात. नुसती शिल्लक पाहूनही भागत नाही. तासाच्या पन्नासाव्या मिनिटाला हजार प्रश्न शिल्लक असतील तर ती चैन आहे. दहाव्या मिनिटाला हजारच उरले असतील तर ती आणीबाणी आहे. म्हणून सध्याच्या गतीने ही शिल्लक भरणीच्या वेळेपर्यंत पुरेल काय, हे मोजले पाहिजे. धरणात साठा किती यापेक्षा तो जूनपर्यंत पुरेल का, हे विचारण्यासारखेच हे. उत्तर 'नाही' असे येताच प्रोग्रॅमने स्वतःहून बिनमहत्त्वाची चौकशी मंदावावी आणि काही वाटा राखून ठेवावा. पिण्याच्या पाण्याचे आरक्षण जसे सिंचनाच्या आधी बाजूला काढतात, तसे बिघाडाच्या वेळी हाताने विचारावे लागणाऱ्या प्रश्नांसाठी पाच-सातशेची राखीव शिल्लक कोणालाही उपसू देऊ नये.

आणि पडद्यावर प्रत्येक आकड्याशेजारी त्याचे वय हवे. 'ठीक' एवढेच न लिहिता 'ठीक, ४० सेकंदांपूर्वी' असे लिहावे. वय ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेले की हिरवा रंग काढून करडा द्यावा. लाल नको, कारण बिघाड झाल्याचे ठाऊक नाही. हिरवा नको, कारण ठीक असल्याचेही ठाऊक नाही. हा तिसरा रंग द्यायला व्यवस्थापक बहुधा नाखूश असतात. भिंतीवर करडे ठिपके दिसले की ते पाहुण्यांना चांगले वाटत नाहीत, अशी त्यांची तक्रार असते.

हा हिशेब आता खोडदच्या तीस अँटेनांपुरता राहिलेला नाही. 'स्क्वेअर किलोमीटर अ‍ॅरे' या आंतरराष्ट्रीय दुर्बिणीची बांधणी २०२१ पासून सुरू झाली. दक्षिण आफ्रिकेत १९७ तबकड्या आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात १,३१,०७२ लहान अँटेना, असा तिचा आराखडा आहे. तिच्या देखरेखीसाठीही टँगोच निवडण्यात आले. ही सगळी दुर्बीण एकसंध चालवणाऱ्या नियंत्रण प्रणालीच्या आरेखनाचे नेतृत्व पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राकडे होते, आणि त्यामागे जीएमआरटी चालवण्याचा अनुभव होता. तेथे दोन्ही गोष्टी एकत्र येतात. एकीकडे लाखाहून अधिक अँटेना आहेत. दुसरीकडे त्या चालवणारे सॉफ्टवेअर सतत नव्याने डिप्लॉय होत असते, आणि त्या डिप्लॉयमेंटवर नजर ठेवणारे डॅशबोर्डही आहेतच. प्रत्येक अँटेनाला सेकंदाला एकच प्रश्न विचारायचा म्हटला, तरी दिवसाला ते ११०० कोटींच्या पुढे जातात. त्यामुळे तेथे प्रश्न केंद्रातून निघतच नाही. अँटेना २५६-२५६ च्या ५१२ गटांत बांधलेल्या आहेत, आणि केंद्रापर्यंत येते ती गटाच्या प्रकृतीची गोळाबेरीज.